स्नायू फडफडण्याच्या गोळ्या किती वर्षं घ्यायच्या आणि कधी थांबवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला टिळक नगरात राहते, वय ५६, शाळेत गणित शिकवायचे. सात वर्षांपासून माझ्या दोन्ही पोटऱ्या आणि डाव्या हाताचा अंगठा उडतो, त्यातली साडेपाच वर्षं मी रोज गोळ्या घेतल्या, एक (क्लोनाझेपाम) पूर्ण सोडली, एक (गॅबापेन्टिन) अजून चालू आहे. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, सकाळी पोहे घ्यायला गेलं तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच की अहो तुमचं ते पाय उडायचं काय झालं, आमच्या सुनेलाही होतंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, हे माझ्या न्यूरॉलॉजिस्टशी झालेलं बोलणं, माझं वाचन आणि माझा अनुभव आहे. तुमची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

फडफडतं म्हणजे नेमकं काय होतं? डोळा लवतो तसंच का?

हो, जात तीच. बायकांचा डावा डोळा लवला की शुभ म्हणतात ना, तो पापणीचा बारीक स्नायू आपोआप आकसत असतो. एक नस स्नायूच्या काही धाग्यांना हुकूम देते, ती नस मधेच स्वतःहून ठिणगी टाकते आणि तेवढेच धागे उडतात, पाय हलत नाही, फक्त कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं दिसतं. माझं पहिल्यांदा लक्षात आलं ते ओटल्यावर पाय लांब करून शेंगा सोलताना, उजव्या पोटरीवर उकळत्या दुधावर बुडबुडे येतात तसं चाललं होतं आणि मला आत काही दुखतही नव्हतं. गोळा येणं वेगळं, त्यात अख्खा स्नायू कडक होतो आणि जीव जातो दुखून. काहींना दोन्ही असतं.

हा तो मोठा आजार तर नाही ना?

हा प्रश्न सगळे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारतात, म्हणून मी वर घेतला. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात त्या आजारात, स्नायू फडफडतात हे खरं, पण तिथे मुख्य गोष्ट असते अशक्तपणा. म्हणजे चप्पल पायातून निसटते, पाऊल घासतं, कुलपात किल्ली फिरत नाही, ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, बोलणं जड होतं, घास अडकतो, एका हाताचा किंवा पायाचा मांसल भाग वाळत जातो. यातलं काहीही असेल तर हे पान वाचत बसू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

नुसतं फडफडतंय, ताकद जिथल्या तिथे आहे, डॉक्टरांची तपासणी आणि ई.एम.जी. (स्नायू आणि नसांमधली वीज बघायची तपासणी) नॉर्मल आहे, तर मग त्याला बिनाइन फॅसिक्युलेशन म्हणतात, बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा १२१ जणांचा पाठपुरावा १९९३ मध्ये छापला, कुणाचा २ वर्षं तर कुणाचा ३२ वर्षं, आणि त्यातल्या एकालाही तो आजार झाला नाही. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा रडले होते कारण त्याआधी चार महिने मी रोज सकाळी बाथरूममध्ये टाचांवर आणि चवड्यांवर चालून बघायचे की ताकद गेली का.

डॉक्टरांना हिंदीत कसं सांगायचं?

हसू नका, हा फार कामाचा प्रश्न आहे. आपण घरी म्हणतो पायाला झटके येतात, तेच दवाखान्यात "झटके आते हैं" म्हणून सांगितलं की ऐकणाऱ्याला फिट्स वाटतात आणि पर्च्यावर (प्रिस्क्रिप्शनवर) तसंच लिहिलं जातं. माझ्या पहिल्या पर्च्यावर तसंच लिहिलं गेलं होतं आणि पुढचे दोन डॉक्टर मला बेशुद्ध किती वेळ पडता हेच विचारत होते. "मांसपेशी फड़कती है, होश पूरा रहता है" असं सांगा. आणि मोबाईलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात गेलं की नेमकं थांबतं.

गोळी सुरू करायच्या आधी काय बघून घ्यावं?

आधी कारण शोधा, गोळी नंतर. जागरण, चहा-कॉफी, ताण, अचानक जास्त व्यायाम, उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणं, यांनी वाढतं. रक्तात थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बी-१२, व्हिटॅमिन डी आणि सी.पी.के. (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) बघतात. दुसऱ्या आजाराच्या गोळ्याही कारण असू शकतात: दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, सर्दीच्या काही गोळ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्या, बी.पी.साठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं दिवसाला सात-आठ कप चहावरून दोनवर आल्यावर निम्मं कमी झालं, त्यांना गोळी लागलीच नाही. माझं व्हिटॅमिन डी खूप कमी निघालं, ते भरून काढलं, थोडा फरक पडला पण पूर्ण नाही.

कुठल्या गोळ्या देतात?

या त्रासासाठी म्हणून खास मंजूर झालेली अशी गोळीच नाही, हे आधी समजून घ्या. दुसऱ्या आजारांच्या गोळ्या, ज्या नसा शांत करतात, त्या इथे वापरल्या जातात आणि कोणाला काय लागू पडेल हे करूनच बघावं लागतं.

गॅबापेन्टिन आणि प्रीगाबालिन सगळ्यात जास्त दिसतात. झोप येते, गरगरतं, वजन वाढतं, पावलं सुजतात. दोन्ही किडनीवाटे बाहेर पडतात, म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, वयस्कर माणसांच्या बाबतीत हे मुद्दाम विचारा. आणि एक बारीक गोष्ट जी मला दोन वर्षांनी कळली, गॅबापेन्टिन आणि ॲसिडिटीचं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध एकदम घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, मधे दोन तास जाऊ द्यावे लागतात. मी दोन्ही जेवणानंतर लागोपाठ घ्यायचे.

कार्बामाझेपिन जुनी गोळी, गोळे आणि फडफड दोन्हीसाठी देतात. हिच्यात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, लिव्हर आणि रक्तपेशी तपासत राहाव्या लागतात, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, उद्यावर टाकायचं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर हिच्यामुळे कमी होतो हे तरुण मुलींना कुणी सांगतच नाही.

प्रोप्रॅनोलॉल काहींना देतात, विशेषतः धडधड आणि घाबरणं सोबत असेल तर. दमा असेल तर ही चालत नाही, आधीच सांगा.

आणि क्लोनाझेपाम. आराम सगळ्यात लवकर देते आणि सोडायला सगळ्यात अवघड जाते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये या जातीच्या (बेंझोडायझेपिन म्हणतात त्या) सगळ्या गोळ्यांवरचा इशारा आणखी कडक केला, सवय लागणं आणि सोडताना होणारा त्रास त्यात स्पष्ट लिहायला लावला. दारूसोबत तर बिलकुल नाही, आणि कुठलीही गुंगीची किंवा अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही, श्वास मंदावू शकतो. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिनलाही हे लागू आहे.

पायात गोळे येतात तर क्विनिन घेऊ का? मामेसासरे घ्यायचे.

नका. पूर्वी घ्यायचे लोक. रक्तातल्या प्लेटलेट आणि हृदयाचे ठोके यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो म्हणून अमेरिकेत १९९४ मध्ये पायात गोळे येतात त्यासाठीची विनापर्चीची क्विनिन बंद केली.

गोळीने बरं होतं का नुसतं दबतं?

दबतं. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, कारण थांबवायचं का नाही हा निर्णय इथूनच सुरू होतो. बी.पी.ची गोळी थांबवली तर आत नुकसान होत राहतं, फिटची गोळी मनाने थांबवली तर फिट येऊन जीव धोक्यात येतो, पण निरुपद्रवी फडफड गोळीशिवाय चालू राहिली तर स्नायूचं काही बिघडत नाही, नसेचं काही बिघडत नाही, त्रास होतो तो आपल्याला, झोपेला, मनाला. म्हणजे ही गोळी आपण आपल्या आरामासाठी घेतोय. त्यामुळे आराम किती मिळतोय आणि त्याची किंमत काय मोजतोय हा हिशोब अधूनमधून करायला हवा आणि तो हिशोब आपणच करू शकतो, डॉक्टरांना आपल्या घरातलं दिसत नाही. मला साडेपाच वर्षांत कुणी म्हणालं नाही की आता बघा, अजून लागतेय का. दर तीन महिन्यांनी पर्चा तोच, खाली लिहिलेलं "कंटिन्यू". विचारायचं आपणच.

मग थांबवायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

मी कालनिर्णयवर लिहायचे. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत तिथीच्या बाजूला शून्य ते पाच असा एक आकडा फडफडीसाठी आणि त्याखाली लाल पेनने एक आकडा गुंगीसाठी, म्हणजे दुपारी डोळे मिटणं, शब्द न आठवणं, तोल जाणं. चार महिन्यांनी भिंतीवरून पानं उतरवून ओळीने मांडली तर वरचे आकडे एक-दोन-एक-शून्य आणि लाल आकडे तीन-तीन-चार-तीन. म्हणजे मी ज्या त्रासासाठी गोळी घेत होते त्यापेक्षा गोळीचा त्रास मोठा झाला होता आणि मला तो वयाचा वाटत होता. वर्गात भागाकार करताना हातचा विसरायचे, मुलं सांगायची मॅडम चुकलं.

तर माझ्या मते विचार सुरू करायची वेळ अशी: चार-सहा महिने फडफड शांत किंवा सहन होण्याइतकी आहे, किंवा गोळी पुरेशी घेऊनही काहीच फरक नाही (मग कशासाठी घ्यायची?), किंवा साइड इफेक्ट त्रासापेक्षा मोठा झालाय, किंवा मूळ कारण सापडून दुरुस्त झालंय. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, विशेषतः कार्बामाझेपिन असेल तर, पण दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून मनाने बंद करू नका. वय सत्तरीच्या पुढे असेल आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जात असेल तर वाट कसली बघता, एक पडणं म्हणजे खुब्याचं हाड.

वेळ कुठली चांगली?

घरात लग्न, मुलाची बारावी, कुणाचं ऑपरेशन असताना नको. इंदूरच्या मे महिन्यात तर नकोच, घामाने गोळे वाढतात आणि मग कशामुळे वाढलं ते कळत नाही. मी दिवाळी झाल्यावर सुरू केलं.

एकदम बंद केली तर काय होतं?

मी मुद्दाम नव्हती केली. पुण्याला भाच्याची मुंज होती, गोळ्यांचा डबा इथे फ्रिजवर राहिला, मी म्हटलं दोन-तीन दिवसांचं काय ते. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही, तिसऱ्या दिवशी हातातला अक्षतांचा तांदूळ थरथरून खाली पडत होता, बँडचा आवाज कानात खिळे ठोकल्यासारखा, घाम, आणि फडफड पोटरीतून मांडी, पाठ, ओठापर्यंत. बहिणीला वाटलं मला बी.पी.चा त्रास होतोय. त्या गावात कुणी पर्चीशिवाय गोळी देईना आणि तेच बरोबर होतं, शेवटी इथल्या डॉक्टरांना फोन करून पर्चा मोबाईलवर मागवला.

क्लोनाझेपाम बरेच दिवस घेऊन अचानक सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी आली नाही त्यालाही. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किमान आठवडाभरात तरी उतरवत आणायच्या असं कंपनीच्या माहितीपत्रकातच असतं, वर्षानुवर्षं घेतली असेल तर डॉक्टर त्याहून हळू नेतात. प्रोप्रॅनोलॉल अचानक सोडली तर हृदयाचा आजार असलेल्यांना छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकपर्यंत जाऊ शकतं. प्रवासात गोळ्या पर्समध्ये ठेवा, सुटकेसमध्ये नको, आणि पर्च्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

कमी करायची म्हणजे प्रत्यक्षात कशी?

एका वेळी एकच गोळी. दोन्ही सोबत कमी केल्या तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. कुठली आधी ते डॉक्टर ठरवतील, माझी क्लोनाझेपाम आधी काढली.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून २०२५ मध्ये क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्यांसाठी सल्ला दिलाय की सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करा आणि २ आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर उतरू नका. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात ०.५ मिलिग्रॅमची गोळी केवढीशी असते! डॉक्टरांनी ०.२५ ची लिहून दिली, मग तिचे अर्धे, मग चतकोर. दवा बाजारातून साठ रुपयांचं गोळी कापायचं छोटं यंत्र आणलं, स्टीलच्या ताटलीत काळा कागद पसरून त्यावर कापायचे म्हणजे पांढरा चुरा दिसतो आणि सांडत नाही. चतकोर सारखे होत नाहीत, एक मोठा एक बारका, मग मी आठवड्याच्या एकदम कापून ठेवायचे आणि मोठा-बारका आलटून पालटून घ्यायचे. दिवाळीनंतर सुरू केलेलं गणपतीत संपलं, दहा महिने. शेवटचा चतकोर सोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि दोनदा मी एका पायरीवर महिनाभर थांबले, डॉक्टर म्हणाले थांबा, घाई कुणाला आहे. पण असर लांबवणाऱ्या कॅप्सूल किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या अशा कापायच्या नसतात, केमिस्टला विचारून घ्या.

कमी केल्यावर फडफड वाढली, म्हणजे गोळी लागतेच ना मला?

इथेच बहुतेक लोक माघारी फिरतात आणि मीही एकदा फिरले होते, म्हणून नीट वाचा. क्लोनाझेपाम कमी केल्यावर होणाऱ्या त्रासात स्नायू फडफडणं हेसुद्धा एक लक्षण आहे. म्हणजे ज्याच्यासाठी गोळी घेत होतो तेच गोळी सोडताना वाढतं आणि आपण म्हणतो बघा, मूळ दुखणं परत आलं. ते मूळ दुखणं असेलच असं नाही.

फरक साधारण असा कळतो. सोडण्याचा त्रास डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू होतो, सोबत आधी कधी नव्हत्या त्या गोष्टी येतात, जसं घाम, आवाज सहन न होणं, छातीत धाकधूक, झोप उडणं, आणि त्याच डोसवर टिकून राहिलं तर तो हळूहळू उतरतो. मूळ फडफड परत येते ती आपल्या जुन्या जागी, जुन्याच ढंगाने, आणि आठवडे गेले तरी तशीच राहते. क्लोनाझेपाम शरीरात बराच वेळ राहते, म्हणून थोडीशीच कमी केली की पहिले दोन दिवस काहीच होत नाही आणि माणूस खूश होतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं. कालनिर्णयचे आकडे इथे परत कामाला आले, वाढलेले आकडे दहाव्या-बाराव्या दिवशी खाली यायचे, दरवेळी. पहिल्यांदा मी पाचव्या दिवशीच घाबरून पूर्ण डोसवर गेले होते कारण आकडे लिहीत नव्हते.

अशक्तपणा मात्र या दोन्हींत बसत नाही. तो आला तर थेट डॉक्टर.

घरचे म्हणतात इंग्रजी गोळ्या सोड, भस्म घे.

माझ्या सासूबाईंनीही काळजीने सांगितलं होतं आणि त्यांच्या काळजीचा मला राग नाही. पण काही भस्मांत पारा असतो, आणि पारा असलेली औषधं आणि नसा सतत उत्तेजित राहण्याचा एक वेगळा आजार यांचा संबंध आपल्या देशातल्या रुग्णांत दिसून आलाय, त्यात फडफड, घाम आणि झोप उडणं असतं. जे काही आधीपासून चालू असेल ते, पुडीवर नाव नसलं तरी, डॉक्टरांपुढे ठेवा.

मॅग्नेशियम घेऊन गोळ्या सोडता येतील?

रक्तात कमी असेल तर फायदा. नसेल तर उगाच जुलाब होऊ शकतात, आणि किडनी खराब असेल तर धोकासुद्धा.

माझा चेहरा एकाच बाजूने ओढला जातो, डोळा मिटतो. हेच का?

नाही, ते बहुतेक हेमिफेशियल स्पॅझम, चेहऱ्याच्या नसेवर मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी दाबत असते. त्याला बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, असर साधारण तीन महिने, आणि ऑपरेशनही असतं. गोळ्यांवर वर्षं घालवू नका, एम.आर.आय.बद्दल विचारा.

सोडून परत सुरू करावी लागली तर?

तर करा. क्लोनाझेपाम गेल्यावर चार महिन्यांनी मी गॅबापेन्टिन उतरवायला घेतली, दिवसाच्या दोन गेल्या, रात्रीची एक काढली तर पोटऱ्या इतक्या उडायच्या की झोप लागेना, दीड महिना थांबून बघितलं, आकडे खाली आलेच नाहीत. डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवलं की ३०० मिलिग्रॅमची एक रात्री राहू दे, वर्षाने परत बघू. लाल आकडा आता शून्य-एक असतो. दिवसा पोटरी उडते, मी तिच्याकडे बघते आणि कामाला लागते, भीती गेली ना मग नुसतं उडणं फार मोठं वाटत नाही.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

कुणाला देऊ नका, झोप येत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणीला तर अजिबात नाही. माझ्याकडे क्लोनाझेपामच्या दोन स्ट्रिप उरल्या होत्या, ठेवून दिल्या असत्या तर एखाद्या वाईट रात्री हात गेला असता. वापरून न झालेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरतात. आपल्या इंदूरला कचरा गाडीला त्याचा वेगळा डबा असतो, ओल्या-सुक्यात टाकायचं नाही आणि संडासात तर ओतायचंच नाही. मी गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवल्या म्हणजे कुणी उचलून खाऊ नये, पिशवी बांधली, आणि सकाळी गाडी आली तेव्हा त्या मुलाला सांगितलं की भैया यात दवाई आहे, त्याने झाकण उघडून दाखवलं कुठल्या डब्यात ते.